टीबीच्या गोळ्या चालू असताना मन खचतं तेव्हा

टीबीत भूक मरते, वजन उतरतं, झोप लागत नाही, दोन जिने चढले की अंगात त्राण उरत नाही. डिप्रेशनमध्येही हेच होतं. त्यामुळे सगळं टीबीच्या नावावर खपून जातं आणि मनाचं कुणी विचारत नाही. म्हणून शरीराचे प्रश्न बाजूला ठेवून विचारावं: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागतंय का? आपण घराला ओझं झालोय असं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. पण विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. पीएचक्यू-९ या डिप्रेशन तपासायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी. मात्र नवव्या प्रश्नाला, म्हणजे जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांना, होकार असेल तर बेरीज बघत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. औषधं लागू पडली की पहिल्या एक-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, भूक परत येते. वजन वाढतंय आणि माणूस तरी भिंतीकडे तोंड करून पडून असेल, तर त्याला नुसता अशक्तपणा म्हणू नका.

एमडीआरमध्ये, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत, आधी औषधांची यादी बघावी. सायक्लोसेरीनमुळे उदासी, चिडचिड, भास, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. म्हणून दर २५० मिलिग्रॅममागे साधारण ५० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, देतात. ती गोळी ‘नुसतं व्हिटॅमिन’ समजून टाळली जाते, हे फार वाईट. एथिओनामाइडने थायरॉइड मंदावतो, तेव्हा रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारं प्रमाण, तपासावा. लिनेझोलिडने रक्त कमी होतं, तेव्हा हिमोग्लोबिन. ही कारणं सापडली तर त्यांवर थेट उपाय आहे. पण डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हे डॉक्टरचं काम. स्वतःहून एखादं औषध वगळलं तर उरलेल्या औषधांनाही जंतू दाद देईनासे होऊ शकतात.

मनाच्या डॉक्टरकडे जाताना टीबीच्या सगळ्या स्ट्रिप्स सोबत न्याव्यात. लिनेझोलिडसोबत डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या धोकादायक ठरतात. बेडाक्विलिन या एमडीआरच्या औषधासोबत एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी द्यायची तर ईसीजी बघावा लागतो. रिफाम्पिसिन या टीबीच्या नेहमीच्या औषधामुळे कित्येक औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

आणि ताट-वाटी वेगळी करणं थांबवा. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या दहा बाय दहाच्या खोलीत वेगळं झोपायला जागा कुठून आणणार? खिडकी उघडी ठेवणं, खोकताना तोंडावर रुमाल आणि नेमाने गोळ्या, याचाच खरा उपयोग. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात का, तेही आरोग्यसेविकेला विचारावं. हातावर पोट असलेल्या माणसाची निम्मी काळजी पैशांची असते.

जीव द्यायचे विचार येत असतील तर महिनाभराच्या गोळ्या रुग्णाच्या उशाशी ठेवू नका. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध एकदम जास्त पोटात गेलं तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. रोजचा डोस घरच्या कुणीतरी हातात द्यावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट चालतो आणि मराठीत बोलता येतं.