भट्टी दारात मांडली तेव्हा

२००९ साली नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातलं माझं कंत्राटी काम सुटलं. मंदी होती, ऑर्डरी आटल्या होत्या, आमच्या पाळीतली एकवीस माणसं एकाच आठवड्यात घरी बसली. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील होते आणि भिंतीला टेकवलेली त्यांची कल्हईची सायकल होती. कल्हई म्हणजे पितळी भांड्याला आतून कथिलाचा पातळ थर देणं. मागे भाता आणि कोळशाचं पोतं, पुढच्या पिशवीत कथील, नवसागर, सांडशी, कापूस. याच सायकलवर त्यांनी तीस वर्षं पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत हाळी दिली होती. गुडघे गेले आणि फेरी बंद पडली.

मी सायकल काढली. काम येत होतं, कारण लहानपण त्यातच गेलं. भांडं आतून लख्ख घासलेलं लागतं, कुठे डाग राहिला तर तिथे कथील धरत नाही. ते घासणं माझ्याकडे असायचं. पातेल्यात वाळू आणि चिंध्या टाकायच्या, आत उभं राहायचं, भिंत धरून टाचांवर अर्धा-अर्धा वेढा घेत राहायचं. मग अण्णा भांडं भट्टीवर धरत आणि सांडशीने फिरवत तापवत. नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो. तो तसा उठला म्हणजे ताव बरोबर. कथिलाची कांडी आतून टेकवली की पाण्यासारखी सुटते, कारण कथील २३२ अंशांनाच वितळतं. लगेच कापसाच्या बोळ्याने ते तळापासून काठापर्यंत ओढायचं. दोन-तीन फेऱ्यांत पिवळं पितळ आतून चांदीसारखं पांढरं होतं. भांडं पाण्यात घातलं, चर्र आवाज आला की झालं. अण्णा हे भद्रकालीतल्या एका उस्तादांकडे शिकले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बोळा कधीही थांबवायचा नाही, थांबला तिथे गाठ पडते, ही चाचांची शिकवण आजही आमच्या दुकानात चालते.

काम येत होतं, गिऱ्हाईक येत नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांत रोजची सरासरी दीडशे रुपयेही पडली नाही. अण्णांच्या काळात वाडे होते, चाळी होत्या, हाळी थेट स्वयंपाकघरात जायची. माझ्या वेळी इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा सगळीकडे इमारती उभ्या राहिल्या होत्या. चौथ्या मजल्यावर बंद काचेआड हाळी पोचत नाही, आणि फाटकावरचा वॉचमन आत सोडत नाही. स्टील, कुकर आणि नॉनस्टिकने पितळ माळ्यावर गेलं होतं ते वेगळंच.

घरात शिल्लक सतरा हजार होती. त्यातले साडेचार हजार मी पत्रकांवर घातले. पाच हजार पत्रकं छापून वर्तमानपत्रातून घरोघर टाकली. फोन आले तीन, त्यातला एक चुकून आलेला. त्या पैशांत सहा महिन्यांचा कोळसा आला असता. पत्रकावर 'कल्हई करून मिळेल' एवढंच होतं. ज्या मुलीने कल्हई कधी पाहिलीच नाही, तिला त्या ओळीतून काय कळणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

वाट सापडली ती इंदिरानगरमधल्या एका काकूंमुळे. त्यांची सहा भांडी होती, पैकी एक पातेलं इतकं मोठं की सायकलवर नेता येईना. त्या म्हणाल्या, "अरे, इथेच कर ना पार्किंगमध्ये, मी चेअरमनला सांगते." मी खड्डा न खणता लोखंडी शेगडीवर भट्टी मांडली. संध्याकाळची वेळ होती, मुलं खेळायला खाली आलेली. धूर उठला तशी मुलं जमली, मुलांना शोधत आया आल्या, आयांच्या मागून आज्या आल्या. काळंनिळं पातेलं डोळ्यांदेखत पांढरंशुभ्र झालं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आमच्याकडे माळ्यावर चार पडलीत, थांबशील का?" त्या दिवशी एकोणीस भांडी झाली. भांड्यापेक्षा माणसं जास्त बोलत होती. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते, म्हणजे चव बिघडते, म्हणून सासूबाई कशा ओरडायच्या, कल्हईच्या भांड्यातलं वरण कसं लागायचं, पुरणाला कोणतं पातेलं काढायचे. मला एक शब्दही जाहिरातीचा बोलावा लागला नाही.

तेव्हापासून धंद्याचं सूत्र ठरलं: काम लोकांच्या समोर करायचं, आणि ठरल्या वारी करायचं. मंगळवार इंदिरानगर, गुरुवार कॉलेज रोड आणि महात्मानगर, शनिवार पंचवटी. बुधवारी फेरी नाही, कारण त्या दिवशी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो आणि दिंडोरी, गिरणारे बाजूची माणसं बाजाराला येताना भांडी घेऊन येतात. प्रत्येक सोसायटीत तीन महिन्यांनी त्याच वारी जायचं. पाऊस असला तरी जायचं, दोनच भांडी मिळणार असं माहीत असलं तरी जायचं. पहिल्या वर्षी हे फार जड गेलं. कित्येक गुरुवारी येण्या-जाण्याचा खर्चही सुटला नाही. पण दुसऱ्या वर्षी लोक आधीच भांडी खाली आणून ठेवू लागले, वॉचमन ओळखू लागला. धुराची तक्रार दोन सोसायट्यांतून आली, ती खरीच होती. मग कोळसा सोडून छोटा गॅस आणि ब्लोअर घेतला, आणि आदल्या दिवशी सूचनाफलकावर चिठ्ठी लावायची पद्धत पाडली.

२०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा आम्हाला मोठा आधार देऊन गेला. तपोवनातल्या साधुग्राममध्ये ठिकठिकाणी अन्नछत्रं होती आणि त्यांची पितळी पातेली माणूस आत बसेल एवढी. अण्णा काठी टेकत तिथे आले, खुर्चीवर बसून मला ताव सांगत होते. त्या पैशांत मुद्रा योजनेच्या शिशु गटातल्या कर्जाची भर घातली, त्याची मर्यादा ५० हजार असते आणि तारण लागत नाही. भांडी बाजाराच्या उतारावर गाळा भाड्याने घेतला, घासायला मोटारचं यंत्र आणलं. सौ. दुकानात बसू लागली. हिशोबाची वही तिची, तारखांची वही तिची, आणि भांडं परत देताना कापडाने पुसून दोन्ही हातांनी द्यायचं हा नियमही तिचाच.

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला पूर आला. आमच्याकडे पूर मोजायची पट्टी म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. त्याच्या कमरेच्या वर पाणी गेलं की खालच्या बाजाराने माल उचलायचा. त्या दिवशी पाणी इतकं झपाट्याने चढलं की आम्ही फक्त वह्या आणि कथील उचललं. सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात होते. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तर आत गुडघाभर गाळ, मोटार गेलेली, आणि लोकांची बासष्ट भांडी चिखलात. त्यांच्यावरची खडूने लिहिलेली नावं धुऊन गेली होती.

सौ. म्हणाली, "सगळी बाहेर मांडा." आम्ही रात्रभर भांडी धुतली आणि सकाळी गाळ्यासमोरच्या ओट्यावर ओळीने मांडली. जुन्या पितळेवर नाव कोरलेलं असतं, कोणाच्या लग्नाची तारीख, कोणाच्या माहेरचं गाव. ती अक्षरं चिखल पुसला तशी एकेक वर आली. मी प्रत्येक भांड्याचा फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवला. दोन दिवस ओट्यावर माणसं येत होती. बासष्टातली एकोणसाठ भांडी ज्याची त्याला गेली. एका बाईंनी आईचं नाव असलेली तपेली छातीशी धरली आणि तिथेच बसून रडल्या. तीन भांडी कोणाचीच निघाली नाहीत. ती मी अजून विकलेली नाहीत, दुकानात वरच्या फळीवर आहेत. त्या आठवड्यात एक रुपयाचं काम झालं नाही, पण पुढच्या दिवाळीला आलेल्या नव्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांनी 'पुरात भांडी परत केली ते तुम्हीच ना' असं विचारलं. दुकान आम्ही हलवलं. आता उतारावर नाही, वरच्या गल्लीत आहोत. भाडं जास्त आहे आणि ते मी खुशीने देतो.

मोबाईलवरच्या प्रचाराबद्दल लोक मला विचारतात, म्हणून जे उपयोगी पडलं तेवढं सांगतो. २०१८ मध्ये गूगल नकाशावर दुकान टाकलं. पडताळणीचा आकडा पोस्टकार्डाने यायचा आणि तो यायला दोन आठवडे लागले. यासाठी एक पैसा लागत नाही. 'तुमचं दुकान वर आणून देतो' म्हणून वर्षाचे बारा हजार मागणाऱ्याला मी एकदा पैसे दिले, ते वाया गेले. नकाशावर दुकानाच्या पाटीच्या फोटोपेक्षा भांड्याच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंनी फोन आणले. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप जातो. हे कळायला मला वर्ष लागलं. म्हणून आता भांडं देतानाच आम्ही विनंती करतो, नंबर सेव्ह करा, तुमच्या सोसायटीचा वार कळवत जाऊ. प्रत्येक सोसायटीची यादी वेगळी आणि तीन महिन्यांतून एकच निरोप. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या दुकानदाराला लोक ब्लॉक करतात.

कथिलाबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. २०२० ते २०२२ मध्ये कथिलाचा भाव दुपटीहून वर गेला. अशा वेळी कथिलात शिसं मिसळण्याचा मोह बाजारात होतो, कारण शिसं स्वस्त आणि पहिल्या दिवशी चमक तशीच दिसते. पण शिसं पोटात जाणं विष आहे, लहान मुलांना तर फारच. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ वाकवली की करकर ऐकू येते. पांढऱ्या कागदावर ओढली आणि काळसर रेघ उमटली तर शिशाचा संशय घ्यावा. आम्ही भाव वाढवला. मध्यम पातेल्याचे १३० रुपये होते ते २२० केले आणि का वाढवले ते पाटीवर लिहिलं. फेरीवर कांडी गिऱ्हाइकाच्या हातात देतो, वाकवून बघा म्हणतो, कागद पुढे करतो. काही लोक गेले. जे राहिले ते आता इतरांनाही कांडी वाकवून बघायला सांगतात.

भांड्याबरोबर एक चिठ्ठीही देतो. रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवू नका, कथील वितळेल. तळण करू नका. तारेच्या घासणीने घासू नका. रोजच्या वापरात कल्हई चार-सहा महिने टिकते, आतून पिवळं दिसू लागलं की आंबट काही शिजवू नका. चिठ्ठी सुरू केल्यापासून 'कल्हई लगेच गेली' ही तक्रार जवळपास बंद झाली.

एक चूक महागात पडली. मिसळीची आणि थाळीची हॉटेलं पितळी भांड्यांत वाढू लागली तसं आम्हाला घाऊक काम मिळालं आणि मी हुरळून गेलो. एका हॉटेलवाल्याकडे ३८ हजार अडकले. चौदा फेऱ्या मारल्या. त्या महिन्यात पोराची फी भरायला सौ.ने बांगडी मोडली, ते मला अजून सलतं. नंतर एका ओळखीच्या सीएंनी उद्यम नोंदणी करायला लावली, ती ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असा २००६ चा कायदा आहे. आता ही ओळ आमच्या प्रत्येक बिलावर छापलेली असते. तरी घाऊक काम मी एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देत नाही. पार्किंगमधलं गिऱ्हाईक भांडं हातात पडताच पैसे देतं, त्यावरच घर चालतं.

लॉकडाऊनमध्ये साडेतीन महिने फेरी बंद होती. त्या काळात लोकांनी माळे आवरले आणि जुनी भांडी खाली काढली. फेरी पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्याच मंगळवारी इंदिरानगरात चव्वेचाळीस भांडी रांगेत होती. अण्णा तेव्हा होते, त्यांना मी व्हिडिओ कॉलवर ती रांग दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सगळी एका दिवसात घेऊ नको, हात थकला की बोळा थांबतो." पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

आज आम्ही चौघं आहोत. मी, सौ., आणि कामाला असलेली दोन मुलं, एक पेठ तालुक्यातला, एक इथलाच सिडकोतला. सोसायट्या एकशे अकरा झाल्या, सायकलच्या जागी 'छोटा हत्ती' टेम्पो आला. येत्या सिंहस्थासाठी दुसरी फिरती भट्टी तयार केली आहे, मोठ्या पातेल्यांसाठी गोल फिरणारं बैठं स्टँड वेल्डरकडून करून घेतलं. तिच्यावर बसायला हात मात्र कमी आहेत. कल्हई शिकायला सहा महिने लागतात, त्यातले पहिले दोन नुसते घासण्यात जातात. शिकताना आम्ही पगार देतो, मुलगा असो की मुलगी. कोणाला शिकायचं असेल तर बुधवारी दुकानात या. भट्टी बाहेर ओट्यावरच असते, सकाळी नऊपासून पेटलेली.