तुम्ही विचारलंत म्हणून: माशांसाठी धनुष्य कुठलं घ्यावं?

मी इलिनॉय नदीकाठच्या पिओरियात राहते आणि धनुष्यबाणाने मासे मारते. मंडळाच्या गणपतीत हे कुणाला कळलं की जेवणाच्या रांगेत आधी अर्जुनावरचा विनोद होतो आणि मग प्रश्न येतो, "आम्हालाही करून बघायचंय हो, धनुष्य कुठलं घ्यायचं?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: दणकट, महागडं, हरणाच्या शिकारीला वापरतात तसलं कंपाउंड. त्यामुळे माझं उत्तर ऐकून चेहरा जरा उतरतो. मी सांगते, हलकं घ्या. दोरी खेचायला 40 पाउंडांच्या आसपास जोर लागतो असं, आणि लेट-ऑफ नसलेलं.

हा लेट-ऑफ काय, ते आधी सांगते, कारण सगळी निवड त्यावरच ठरते. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना कॅम म्हणजे वेड्यावाकड्या आकाराची चाकं असतात. दोरी ओढायला लागलं की आधी पूर्ण जोर लागतो, पण शेवटच्या टप्प्यात ही चाकं फिरतात आणि हातावरचा भार एकदम उतरतो. आजकालच्या शिकारी धनुष्यांत तो 80 टक्क्यांपर्यंतही उतरतो. म्हणजे 70 पाउंडांचं धनुष्य पूर्ण खेचल्यावर हातावर 14 पाउंडच राहतात. झाडावर दबा धरून बसलेला माणूस हरीण वळेपर्यंत तसाच थांबू शकतो, ते यामुळेच. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले तेही कंपाउंडवरच. समोर 50 मीटरवर स्थिर लक्ष्य, आणि नेम धरायला अवधी. तेव्हापासून आपल्याकडे कंपाउंड हा शब्द घरोघरी पोचला, ते चांगलंच झालं. माझं काम मात्र वाढलं.

कारण मासा थांबत नाही. तो बोटीपासून 10-15 फुटांवर दिसतो, कधी अगदी पायाशी, आणि दिसतो तोही एक-दोन सेकंद. तेवढ्यात वाकून, वळून, हात जेमतेम मागे नेऊन बाण सोडायचा असतो. लेट-ऑफचा फायदा दोरी पुरती मागे गेल्यावरच मिळतो. अर्ध्यावरून सोडायला ते धनुष्य बनवलेलंच नसतं. हरणाला जो गुण, तो माशाला अडचण. म्हणून माशांसाठीच्या कंपाउंडला साधी गोल चाकं असतात. भार सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास तोच राहतो आणि दोरी कुठूनही सोडता येते. शिवाय ते कुणाच्याही हाताच्या लांबीला चालतं. एकाच धनुष्यावर मी, माझा नवरा आणि पंधरा वर्षांची भाची आळीपाळीने उभे राहतो. शिकारी कंपाउंड माणसाच्या मापाला बसवून घ्यावं लागतं, तिथे असा भागीदारीचा कारभार चालत नाही.

आता 40 पाउंडच का? मासेमारीचा बाण भरीव फायबरग्लासचा असतो, पिसं नसलेला, आणि शिकारी बाणाच्या तिपटीने तरी जड. पाण्यात शिरायचं काम तो स्वतःच्या वजनाने करतो. 60-70 पाउंडांच्या धनुष्यातून सोडलात तर मासा आरपार होऊन बाण तळाच्या चिखलात रुततो, आणि मग तुम्ही बोटीवरून बाणाला बांधलेली दोरी खेचत बसता. दुसरं असं, की रात्री दिवे लावून निघालेली बोट पहाटेपर्यंत फिरते. बाण सुटतच राहतात, आणि बरेचसे वायाच जातात. मध्यरात्रीनंतर खांद्याने नकार दिला तर त्या ताकदीचा उपयोग काय? गार नावाचे खूप मोठे मासे किंवा दक्षिणेकडच्या मगरी मारायला लोक जास्त ताकदीचं वापरतात, पण त्या वाटेला जाणारा मला विचारायला येत नाही.

यात आपल्या लोकांसाठी एक बारीक हिशेब आहे. रिकर्व्ह म्हणजे चाकं नसलेलं, पुढे वळलेल्या टोकांचं साधं धनुष्य. त्याच्यावर लिहिलेले पाउंड दोरी 28 इंच मागे खेचली तर मिळतात. तुम्ही किती खेचता ते ढोबळ मानाने काढायचं तर दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि अडीचने भागा. माझे 26 इंच येतात. दर इंचामागे साधारण 2 पाउंड कमी धरा, म्हणजे 40 लिहिलेलं धनुष्य माझ्या हातात 36 चंच होतं. तेवढं पुरतं. पण 30 चं उचललंत आणि हात आखूड असले, तर मोठ्या माशाच्या खवल्यावरून बाण घसरेल.

रिकर्व्ह की गोल चाकांचं कंपाउंड, हा वाद इथल्या धक्क्यावर कायम चालतो. मी रिकर्व्हच्या बाजूची आहे. चाकं नाहीत, तारा नाहीत, चिखल लागला तर नदीतच धुवायचं आणि खोलून पिशवीत टाकायचं. पीएसई कंपनीचं एक याच कामासाठीचं रिकर्व्ह बरीच वर्षं लोकप्रिय आहे. त्याचं नाव किंगफिशर, आणि ते ऐकून आपल्या मंडळींना मासा नाही, बिअर आठवते. रिकर्व्हचा तोटा त्याची लांबी. बोटीच्या कठड्याला खालचं टोक आपटतं, शेजारी उभ्या असलेल्याच्या कोपरालाही. गर्दीच्या बोटीत कंपाउंड आटोपशीर पडतं. तिसरा प्रकार ओनिडा या धनुष्य कंपनीच्या लिव्हरवाल्या धनुष्यांचा. त्यात थोडा लेट-ऑफ असतो, पण अर्ध्यावरून सोडलेलंही ती सहन करतात, म्हणून मुरलेले लोक त्यांच्यावर जीव टाकतात. वापरून बघितलंय, सुरेख आहेत, पण पहिलंच धनुष्य म्हणून एवढे पैसे घालू नका. कुठलंही घेतलंत तरी दोरीवर रबरी नळ्या चढवून घ्या, बोटं सोलवटत नाहीत.

धनुष्याबद्दल एवढं विचारणारी माणसं रीलबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याचं मला नवल वाटतं. बाणाला दोरी बांधलेली असते आणि ती धनुष्यावरच्या रीलमधून सुटते. पहिल्यांदा बाटलीचं रील घ्या. त्यात दोरी बाटलीत सैल पडलेली असते, बाणामागून आपोआप निघते. गळाच्या रीलसारखं बटणवालं रीलही मिळतं. ते भराभर गुंडाळतं, पण बाण सोडण्याआधी बटण दाबायचं राहिलं तर दोरी तटकन ताणली जाते. मग ती तुटते तरी, नाहीतर तो जड बाण उलटा तुमच्याकडे येतो. मासा बघून हात थरथरत असताना नवख्याने बटणाची आठवण ठेवावी ही अपेक्षा मला फार वाटते.

आणि स्लाइड. यावर मी कुणाचं ऐकून घेत नाही. पूर्वी दोरी बाणाच्या मागच्या टोकाला थेट बांधत. तिचा फास धनुष्याच्या दोरीत अडकला की बाण अर्ध्यातून परत फिरे आणि थेट तोंडावर येई. लोकांना त्यातून गंभीर इजा झाल्या आहेत. स्लाइड म्हणजे बाणावर पुढेमागे सरकणारा छोटा मणी. दोरी त्याला बांधायची. बाण चढवलेला असताना मणी धनुष्याच्या पुढे राहतो, म्हणून दोरी मागे येतच नाही, आणि बाण सुटला की तो सरकत शेपटाशी जातो. जुनं धनुष्य कुणाकडून घेतलंत आणि सोबतच्या बाणांना स्लाइड नसली, तर ते बाण वापरू नका.

नेमाची दुर्बीण किंवा साइट लावू का, असंही विचारतात. नको. दहावीला शिकलेलं अपवर्तन इथे रोज भेटतं. मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, आणि दर वेळी खोली वेगळी, अंतर वेगळं. 10 फुटांवर, एक फूट खोल मासा असेल तर दिसतो त्याच्या 4 इंच खाली मारा, असा एक ठोकताळा आहे. पुढचं हातच शिकतो. साइटचे पैसे वाचवून पोलराइज्ड गॉगल घ्या, पाण्यावरची चकाकी गेल्याशिवाय नेम कशावर धरणार?

मासे कुठले मारायचे, हे धनुष्याइतकंच विचारून घ्या. इथे लागतो तो मासेमारीचा साधा परवाना, पण बाणाने काय मारता येतं ते राज्याराज्यांत वेगळं आहे. बाण लागलेला मासा परत सोडता येत नाही. वसंतात उथळ गवतात अंडी घालायला येणारा कॉमन कार्प, म्हणजे आपला सायप्रिनस, शिकायला उत्तम. पाण्याबाहेर उड्या मारणारा सिल्व्हर कार्पही हवा तेवढा मारा. 1970 च्या दशकात अर्कान्सामध्ये तळ्यांसाठी आणलेले हे मासे नदीत निसटले आणि इथल्या माशांचं खाद्य फस्त करत सुटले. भारतात तो 1959 मध्ये आला आणि कटला-रोहूच्या तळ्यात मुद्दाम पाळला जातो, हे इथल्या कोळ्यांना सांगितलं तर ते माझ्याकडे संशयाने बघतात. बिगमाउथ बफेलो हा मासा मात्र मी मारत नाही, कायद्याने मारता येत असला तरी. तो इथलाच मासा आहे, आणि 2019 च्या एका अभ्यासात त्यातला एक 112 वर्षांचा निघाला. मिशीवरून ओळखा: कॉमन कार्पला तोंडाशी मिशा असतात, बफेलोला नसतात.

शेवटी एक प्रश्न हमखास येतो. गॅरेजमध्ये हरणाचं कंपाउंड पडून आहे, तेच चालवलं तर? एखाद्या दिवशी हौस म्हणून चालवा. दुकानात धनुष्याच्या पात्या धरून ठेवणारे बोल्ट (लिंब बोल्ट) सैल करून 10 एक पाउंड उतरवून मिळतील, साइट काढून टाका. लेट-ऑफ मात्र तसाच राहील आणि तारांत नदीचा गाळ जाईल. मी तुमच्या जागी असते तर ते एखाद्या शिकाऱ्याला विकून टाकलं असतं. त्या पैशात रिकर्व्ह, बाटलीचं रील आणि तीन बाण सहज येतात.