आमची वाटचाल: एकच सर्व्हर, प्रत्येक क्लायंटचं पोस्टग्रेस वेगळं

आमची फर्म छोट्या व्यवसायांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देते. सुरुवातीला एकच व्हर्च्युअल सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा एकच इन्स्टन्स (म्हणजे चालू असलेली एक स्वतंत्र प्रत) आणि त्यात प्रत्येकाचा वेगळा डेटाबेस, आणि खरं सांगायचं तर ते मस्त चाललं होतं. मग एका क्लायंटकडे कुणीतरी अख्खं टेबल उडवलं आणि त्यांना हवा होता त्याच्या पाच मिनिटं आधीचा डेटा. आता वॉल लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) वापरून ठरावीक वेळेपर्यंतचा डेटा परत आणणं हे पूर्ण इन्स्टन्सचं होतं, एकट्या डेटाबेसचं होत नाही, म्हणजे बाजूला सगळ्याच क्लायंटचा डेटा उभा करायचा आणि त्यातून एकाचं टेबल उचलायचं!

तेव्हापासून प्रत्येकाला स्वतःचा इन्स्टन्स, सर्व्हर मात्र तोच, कारण दहा सर्व्हर म्हणजे दहा ओएसचे अपडेट बघत बसा. डेबियन या लिनक्सवर हे सोपंय, एका कमांडमध्ये नवीन क्लस्टर (तिथे इन्स्टन्सला हेच म्हणतात) तयार, डेटा फोल्डर वेगळं, कॉन्फिग वेगळी, पोर्ट 5432, मग 5433, असं पुढे. एकाला नवीन व्हर्जन हवी असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

खरी कसरत रॅमची. शेअर्ड बफर्स, म्हणजे इन्स्टन्सची सामायिक मेमरी, डीफॉल्टने 128 एमबी, कनेक्शन 100 पर्यंत, आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस, त्यात वर्क मेम, म्हणजे क्वेरीतल्या कामासाठीची मेमरी, 4 एमबी दिसतं छोटं पण ते पूर्ण क्वेरीला नाही, एकेका सॉर्टला किंवा हॅशला लागतं, त्यामुळे एकच वाकडा रिपोर्ट बरंच काही खाऊन जातो. आम्ही कनेक्शन 20 वर आणली आणि सिस्टमडीमधून (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) प्रत्येक इन्स्टन्सच्या सर्व्हिसला मेमरीची कमाल मर्यादा घातली. मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने, म्हणजे ओएसच्या गाभ्याने, एखादी प्रोसेस मारली तर त्या इन्स्टन्सची सगळी कनेक्शन तुटतात आणि तो रिकव्हरी करून परत उभा राहतो, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

डिस्कचं मात्र तसं नाही, ती सगळ्यांची सामायिक. चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं, डीफॉल्टने दर 5 मिनिटांनी, सर्व्हर रीबूट झाला की सगळे इन्स्टन्स एकदमच उठतात आणि मग लिहायलाही एकदमच धावतात, म्हणून आम्ही चेकपॉइंटच्या वेळा वेगवेगळ्या ठेवल्या, बॅकअपही एकामागोमाग एक. जुन्या, नको असलेल्या नोंदी साफ करणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमचे वर्करही प्रत्येक इन्स्टन्सचे डीफॉल्टने तीन-तीनपर्यंत असतात, हे लक्षातच येत नाही कुणाच्या.

पुढे सगळ्यात जड क्लायंटला स्वतंत्र सर्व्हर द्यायची वेळ आली तेव्हा या पद्धतीचा खरा फायदा दिसला, इन्स्टन्स थांबवला, डेटा फोल्डर कॉपी केलं, ॲप्लिकेशनमधला पत्ता बदलला, झालं. फक्त पोस्टग्रेसची मेजर व्हर्जन तीच लागते, आणि ओएसची व्हर्जनही आम्ही मुद्दाम तीच ठेवली, कारण ग्लिबसी (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) बदललं की अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलू शकतात आणि मग टेक्स्टवरचे इंडेक्स नव्याने बांधावे लागतात.