सिंकमध्ये ओतलेल्या वाइनपासून अण्णांच्या वाटीपर्यंत

स्पेनमध्ये बिल्बाओला नोकरीसाठी येऊन मला तीन वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात दुकानातून एक व्हाइट वाइन आणली होती, विन्या ग्राव्होनिया 2014. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून उघडली तर रंग गडद सोनेरी, वास अक्रोडाचा आणि मेणाचा, आणि फळाची चव म्हणावी तर काहीच लागेना. मला वाटलं खराब झालीये. अर्धी बाटली सिंकमध्ये ओतून दिली. नंतर ऑफिसमधल्या एकीला सांगितलं, ती रिओहाची, म्हणजे ही वाइन होते त्याच भागातली, तर तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली अगं ती खराब नव्हती, ती तशीच असते, जा एकदा आरोला, ती बनते त्या गावी, आणि बघून ये.

आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. अण्णांनी मध्ये काही वर्षं एका वायनरीशी करार करून शेनिन ही वाइनची द्राक्षं लावली होती, पण पुढे वायनरीने माल उचलणं बंद केलं, पैसेही अडकले, आणि अण्णांनी ती बाग काढून परत खायची थॉमसन लावली. स्वतःच्या द्राक्षांची वाइन त्यांनी कधी चाखलीही नाही. त्यामुळे बाटली ओतली हे मला जरा जास्तच लागलं, आणि खरंच जाऊन बघायचं ठरवलं.

पहिली गोष्ट, वायनरी बघायला वेळ आधी घ्यावी लागते, असंच जाऊन उभं राहता येत नाही. मी नोव्हेंबरमधला एक दिवस घेतला, टूर इंग्रजीतूनही असते. बिल्बाओहून बसने तासाभराच्या वर लागतो. आरोचं स्टेशन आणि त्याला लागूनच जुन्या वायनऱ्यांची अख्खी वस्ती, बारियो दे ला एस्तासिऑन. रेल्वे 1863 ची, आणि त्यानंतर फ्रान्सच्या बागा फिलॉक्सेराने, म्हणजे वेलीच्या मुळांना लागणाऱ्या किडीने, गेल्या म्हणून तिकडचे व्यापारी वाइन शोधत इथे आले, म्हणून सगळे रुळांच्या कडेला. ग्राव्होनिया बनवणारी लोपेज दे एरेदिया त्यातलीच, 1877 ची, आणि अजून त्याच घराण्याकडे. आता चौथी पिढी, मारिया होसे, मर्सेदेस आणि हुलिओ सेसार ही भावंडं बघतात. गेटजवळ वास्तुविशारद झाहा हदीदने बांधलेलं काचेच्या सुरईसारखं दुकान आहे आणि त्याच्या पोटात 1910 च्या ब्रसेल्स प्रदर्शनातला त्यांचा लाकडी स्टॉल जपून ठेवलाय. तो बघून मला फार बरं वाटलं, पणजोबांची वस्तू अशी नीट ठेवणारी माणसं.

मग खाली तळघरात. एक बोगदा आहे, एल कालादो, 140 मीटर लांब, वाळूच्या दगडात हाताने खोदलेला. भिंतींवर काळी बुरशी, बाटल्यांवर जाळीच जाळी, इतकी की बाटली कुठे संपते कळत नाही. कोणी साफ का करत नाही असं विचारणारच होते तेवढ्यात गाइडनेच सांगितलं की बुचं पोखरणारे पतंग कोळी खातात, म्हणून जाळ्यांना हात लावत नाहीत. आमच्याकडे बागेतली मित्रकीड जपतात तसंच की हे!

पिंपं ते स्वतःच बनवतात, आवारातच सुतारकाम चालतं, ओकचं लाकूड अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरातून येतं. एक पिंप 225 लिटरचं. ग्राव्होनिया त्यात चार वर्षं राहते, सगळी विउरा द्राक्षं. त्यांचीच दुसरी व्हाइट, तोंदोनिया रिझर्व्हा, सहा वर्षं, विउरा जास्त आणि थोडी माल्वासिया. वर्षातून दोनदा हाताने एका पिंपातून दुसऱ्यात काढायची, गाळ मागे ठेवायचा, शेवटी अंड्याच्या पांढऱ्याने निवळायची, मग बाटलीत अजून काही वर्षं. लाकडातून हवा अगदी जराजरा आत जाते आणि फळाचा वास हळूहळू अक्रोड, मध, वाळलेली संत्र्याची साल असा होत जातो. म्हणजे मी जे खराब समजले ते मुद्दाम, वर्षानुवर्षं थांबून केलेलं होतं. शिवाय मी ती बर्फासारखी गार करून प्यायले होते. बारा-चौदा डिग्रीला द्यायची असते आणि तासभर आधी उघडून ठेवायची. त्या दिवशी टेबलावर तशीच दिली, आणि पहिला घोट घेतल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. एवढी जुनी वाइन, आणि आंबटपणा कसा ताजा, लिंबाच्या सालीसारखा.

नंतर मी एकटीच एब्रोच्या पुलापर्यंत चालत गेले. विन्या तोंदोनिया ही त्यांची द्राक्षबाग नदीच्या वळणात आहे, साधारण शंभर हेक्टर, 1913-14 मध्ये लावलेली, फिलॉक्सेरा रिओहातही येऊन गेल्यावर, म्हणजे कलम करूनच, आपण डोगरिजच्या खुंटावर करतो तसं. फक्त मांडव नाही, तार नाही, बुटक्या वेली झुडपासारख्या उभ्या. आणि छाटणी वर्षातून एकदाच, आपल्यासारखी दोनदा नाही. फोटो अण्णांना पाठवले तर त्यांचा लगेच फोन, "एकच छाटणी? मग वर्षभर करतात काय?" आणि मग, "चार पिढ्या म्हणतेस, वाटण्या नाही झाल्या का त्यांच्या?"

दोन बाटल्या घेतल्या, तोंदोनिया 2012. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, तिसरी घेतली असती तर सव्वादोन लिटर झाले असते. चेक-इन बॅगेत, एकेक बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी, आणि मुंबईला बॅग उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण काही झालं नाही.

डिसेंबरमध्ये घरी उघडली. अण्णा पीत नाहीत, मी आग्रह केला नाही, नुसती उघडून ठेवली आणि तिची सगळी गोष्ट सांगत बसले. तासाभराने त्यांनीच स्टीलची वाटी पुढे केली. आधी नुसता वास घेतला, मग म्हणाले, "हा तर बेदाण्याच्या शेडमधला वास आहे गं." एक घोट घेतला. थांबून अजून एक. मग म्हणाले, "आपली शेनिन काढली तेव्हा तिला आठच वर्षं झाली होती."

दुसरी बाटली उघडू दिली नाही. ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भाजीच्या मागे आडवी आहे, आणि लाइट गेली की अण्णा कोणाला फ्रिजचं दार उघडू देत नाहीत असं आई सांगते.