कागदावर गुडघा, आजार खुब्यात

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कोणी जिल्ह्याच्या दवाखान्यात निघालं असेल, तर आधी घरातल्या जुन्या चिठ्ठ्या काढून वाचा. त्यांवर कोणता सांधा लिहिलाय ते बघा. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी माझ्या भावाचा एका भरतीचा अर्ज हातचा गेला. आजही आठवलं की डोकं तापतं.

आमचं गाव वैनगंगेच्या पट्ट्यातलं, धानाचं. भाऊ सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रुग्ण, एसएस. आमच्याकडे एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे आजारी, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. लहानपणापासून त्याचे हातपाय दुखायचे, रक्त चढवावं लागायचं. पण बारावीनंतर उजवा गुडघा दुखायला लागला तो थांबेचना. रोवणीला बांधीत वाकणं बंद झालं, मग मांडी घालून जेवायला बसणं बंद झालं, मग पायाची नखं मी कापून द्यायला लागले.

जिथे दाखवलं तिथे त्याने गुडघ्यावर हात ठेवला, म्हणून गुडघ्याचाच एक्स-रे निघाला, आणि तो दर वेळी चांगला आला. चिठ्ठीवर 'गुडघेदुखी', सोबत गोळ्या, मलम, गुडघ्याचा पट्टा.

खरं काय ते नागपूरच्या एका हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी भावाला उताणं झोपवलं, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवले, मांडी धरून ठेवली आणि पाऊल हळूच बाहेर नेलं. भाऊ ओरडला. गुडघा होता तसाच वाकलेला होता, आत फिरला होता तो खुबा. मग त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. गुडघा बिजागरीचा सांधा, त्याचं मुख्य काम वाकणं आणि सरळ होणं. खुबा उखळीचा. मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब हाड, त्याचं वरचं गोल डोकं कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसतं आणि सगळ्या बाजूंना फिरतं. त्या डोक्याला रक्त पोचतं ते बहुतेक हाडाच्या मानेवरून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि अशा वाहिन्यांत अडकतात. रक्त थांबलं की हाडाचा तेवढा भाग मरतो आणि अंगाचं वजन पेलता न आल्याने डोकं चपटं होत जातं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. खुब्याकडे आणि गुडघ्याकडे जाणारे काही मज्जातंतू एकच, म्हणून दुखणं गुडघ्यात जाणवतं. म्हणजे माझा भाऊ पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता.

एक्स-रेमध्ये उजवं डोकं चपटं झालेलं दिसलं. डावीकडे एक्स-रे साफ होता, पण एमआरआयमध्ये तिथेही सुरुवात निघाली. सुरुवातीला एक्स-रे चांगला येऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

ऑनलाइन अर्ज सेतू केंद्रातल्या पोराने भरून दिला. आमची गाडी अडली ती दवाखान्याच्या खिडकीवर.

तपासणीचा वार ठरलेला असतो. आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. बाबूंनी फाईल उघडली. वर नागपूरचा कागद, त्यावर खुबा. खालच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर गुडघा. ते म्हणाले, "अर्ज खुब्याचा अन् कागद गुडघ्याचे, कसं चालन? आधी कागद दुरुस्त करून आणा." मी म्हटलं, "जी, दुखणं गुडघ्यात आहे पण आजार खुब्यात आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय, वाचा ना." त्यांनी वाचलं नाही. पुढच्याला हाक मारली.

कागद दुरुस्त कुठून करायचे? ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्या डॉक्टरांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेले म्हणाले, मी तेव्हा रुग्ण पाहिलाच नाही, तर मागच्या तारखेचं कसं बदलू? त्यांचं म्हणणं रास्त होतं. परत खिडकीवर गेलो, तर नवंच निघालं: सिकलसेल रक्ताचा आजार, तुम्ही औषध विभागात जा. औषध विभाग म्हणाला, रक्ताचं आम्ही बघतो, पायाचं हाडवाल्यांकडे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात सिकलसेल वेगळा आहे आणि चालण्याफिरण्याचं अपंगत्वही वेगळं आहे. एकाच पोराला दोन्ही असू शकतात, दुसरं पहिल्यातूनच आलेलं असू शकतं. 206 हाडांच्या शरीराचं प्रमाणपत्र देणाऱ्या जागी एवढं तरी माहीत असायला हवं.

आणि हे सगळं उभ्याने. अपंगत्वाच्या खिडकीसमोर बसायला बाक नाही. भावाला खाली बसता येत नाही, बसला तर उठता येत नाही. त्यात उन्हाळा. एसएसच्या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालं की पेशी आणखी वाकतात आणि दुखण्याचा झटका येतो. म्हणून पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवा, तहान लागायची वाट बघू नका. एकदा रांगेतच त्याची पाठ भरून आली, तेव्हा मी खिडकीवर मोठ्याने बोलले. मला त्याचा जराही पस्तावा नाही.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांकडूनच वेगळं पत्र आणलं. त्यात तीन गोष्टी होत्या: दोन्ही खुब्यांचा एव्हीएन सिकलसेलमुळे झाला आहे, गुडघ्यातलं दुखणं खुब्यातून येतं, आणि म्हणूनच गुडघ्याचे एक्स-रे चांगले आहेत. असं पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या. ते घेऊन मी खिडकी सोडली आणि अपंगत्व तपासणाऱ्या समितीतल्या हाडाच्या डॉक्टरांच्या दाराशी थांबले. त्यांनी दोन मिनिटांत आत बोलावलं. कोन मोजायच्या पट्टीने खुबा किती वाकतो, किती फाकतो, किती फिरतो ते मोजलं. ज्या चिठ्ठ्यांपायी आम्ही खेपा घातल्या, त्या त्यांनी मागितल्यासुद्धा नाहीत.

मोजताना एक सांभाळा. आमच्या पोराला दुखणं लपवायची सवय, दात दाबून पाय वर नेतो. मी त्याला आधीच बजावलं होतं, दुखलं तिथे थांब. तो थांबला, आणि खरा कोन लिहिला गेला.

टक्केवारी 40 च्या वर आली. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांसाठी निदान 40 लागतात. पुढच्या भरतीचा अर्ज त्याने स्वतः भरला, त्या दिवशी आमच्या मायने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं.

एक राहिलंच. एक्स-रे काढताना दोन्ही खुबे एकाच प्लेटवर येतील असा काढायला सांगा, आणि गुडघे वाकवून बाहेर फाकवलेला दुसराही. प्लेटवर नाव आणि उजवी-डावी बाजू छापली आहे का ते तिथेच बघा. आमच्या एका प्लेटवर नव्हती, ती पुन्हा काढावी लागली. आणि घरात एसएसचं पोर असेल, त्याला जांघेत किंवा गुडघ्यात दुखत असेल, तर डॉक्टरांना म्हणा, खुबा फिरवून बघा ना जी.