टाचेची शीर आणि सकाळची दहा पावलं

आजचं पान फक्त टाचेच्या वरच्या जाड शिरेसाठी. आपण शीर म्हणतो, डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात; टेंडन म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी, इथे पोटरी टाचेला. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकने टेंडन दुखावतो तो बहुतेकदा हाच, पण खांदा आणि मनगटही सुटत नाही. कधी पहिल्या दोन दिवसांत, कधी गोळ्या संपून काही महिने उलटल्यावर. त्यामुळे ‘कोर्स तर कधीच संपला’ एवढ्यावर विषय मिटत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. साठी ओलांडलेले, स्टेरॉइड घेणारे, मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुसाचं प्रत्यारोपण झालेले यांना धोका जास्त.

गोळ्या चालू असतानाच दुखू लागलं, तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आतला संसर्ग अजून असू शकतो, म्हणून गोळी परस्पर बंद करून गप्प बसायचं नाही, दुसरं औषध विचारायचं.

या दुखण्याची खोड अशी की ते लगेच बोलत नाही. संध्याकाळी वीस मिनिटं चाललं, काही झालं नाही, आणि सकाळी पाय टेकवत नाही. म्हणून नोंद सकाळचीच खरी: अंथरुणातून उठल्यावरची पहिली दहा पावलं, दुखणं ० ते १० मध्ये किती. शेजारी कालची चाल किती मिनिटं, किती जिने, पायात काय होतं. आकडा वाढला तर कालचं जास्त झालं, आज कमी करायचं. तोच राहिला तर तेवढंच काम आणखी दोन-तीन दिवस, मगच पाच मिनिटं वाढवायची. कंटाळवाणं आहे, पण घाई करणारे याच पायरीवर घसरतात.

पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची आणि पोटरी ताणायची, हा मोह सुरुवातीला टाळावा. ताणलं की शीर टाचेच्या हाडावर दाबली जाते. उलट आठवडेच्या आठवडे पडून राहिलं तर पोटरी बारीक होते आणि सगळा भार पुन्हा शिरेवरच. मधला मार्ग असा: तीव्र दुखणं ओसरल्यावर, फिजिओथेरपिस्टला विचारून, खुर्चीत बसायचं, पाऊल जमिनीवर सपाट, चवड्याने जमीन दाबायची. टाच उचलायची नाही. अर्ध्या जोराने ३० ते ४५ सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. दुखणं ३ च्या वर गेलं तर जोर कमी. हे पचलं की बसूनच टाचा उचलणं, मग उभं राहून दोन्ही पायांवर. एका पायावर सगळ्यात शेवटी. बुटात टाचेखाली साधारण एक सेंटिमीटरची गादी, दोन्ही पायांत, नाहीतर कंबर तक्रार करते.

दुखऱ्या शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन नको. आधीच कमकुवत झालेली शीर त्याने तुटू शकते. कट्‌कन आवाज, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटणं, चवड्यावर उभंच राहता न येणं: यातलं काहीही झालं तर लगेच रुग्णालय.

आणि या नोंदींच्या वहीच्या पहिल्या पानावर औषधाचं मूळ नाव लिहून ठेवायचं. गोळ्यांच्या पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव वेगळं असतं, ‘फ्लॉक्सासिन’ने संपणारं मूळ नाव वेगळं. नवा डॉक्टर गाठला की हेच पान आधी पुढे करायचं.