मॅरेथॉनच्या सरावात दिवसभर कच्चं खाणं: माझा अनुभव

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी सप्टेंबरपासून जळगावात सराव केला आणि त्या चार महिन्यांत दिवसा चुलीवरचं काही खाल्लं नाही. माझं वजन 62 किलो. पळताना शरीराच्या दर किलोमागे किलोमीटरला साधारण 1 कॅलरी खर्च होते. म्हणजे 25 किलोमीटरच्या दिवशी नुसत्या पळण्यालाच दीड हजार. काकडी, गाजर, टोमॅटोने पोट तट्ट भरतं, पण एवढी तूट भरून निघत नाही. पहिले तीन आठवडे मी हीच चूक केली: मांड्या जड, झोप तुटक आणि वजन दोन किलोने खाली. मग कोशिंबीर तोंडी लावण्यापुरती ठेवली आणि भर केळी, खजूर, शेंगदाण्यांवर दिला.

रावेर-यावलचा माल आपल्या दारातच, त्यामुळे केळ्यांची चिंता नव्हती. पारख मात्र शिकावी लागली. देठाशी हिरवट असलेलं केळं पळण्याआधी खाऊ नका. त्यातल्या बऱ्याच स्टार्चची साखर झालेली नसते. तो लहान आतड्यात न पचता पुढे जाऊन आंबतो, गॅस होतो आणि ऐन पळताना पोटात गुडगुड सुरू होते. फणी दोन-तीन दिवस टांगून ठेवायची. सालीवर तपकिरी ठिपके आले आणि दाबल्यावर केळं मऊ लागलं, की ते पळण्याजोगं झालं. अशा एका मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर तासाला दोन केळी, अर्धं-अर्धं करून, घोटभर पाण्यासोबत. एकदम पूर्ण केळं खाल्लं की मळमळतं.

मिठाचं गणित मला सर्वात उशिरा कळलं. आपल्या ताटात मीठ येतं ते भाजी, ठेचा, शेव, लोणच्यातून. हे सगळं बंद झालं की मीठही बंद, आणि फळांत सोडियम जवळपास नसतंच. ऑक्टोबरच्या उन्हात घामावाटे ते जात राहतं. वर नुसतं पाणी ढोसलं तर बोटं सुजतात, डोकं जड होतं, उलटीची भावना येते. अशा वेळी आणखी पाणी पिणं धोक्याचं. मी एक लिटर पाण्यात पाव चमचा मीठ, एक लिंबू आणि रात्रभर भिजवून वाटलेला 40 ग्रॅम खजूर घालत असे. पाणी किती प्यायचं हे वजनकाट्यावर ठरवलं: पळण्याआधी आणि नंतर, घामेजले कपडे काढून वजन. जेवढं घटलं त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवलं की घामाचा अंदाज येतो.

प्रथिनं दिवसाला 75 ते 100 ग्रॅम हवी होती. 100 ग्रॅम शेंगदाणे सहा-आठ तास भिजवून, दोन वेळा विभागून. त्यातून 25 ग्रॅम मिळतात. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा आधीच निवडून टाकायचा, त्यावर विषारी बुरशी असू शकते. मूग आठ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधले की उकाड्यात दहा-बारा तासांत मोड येतात. फडकं सोडताच आंबूस वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागलं, तर सगळं फेकायचं. धुऊन काही उपयोग नसतो, कारण ओलाव्यात आणि उबेत जंतू वाढलेले असतात. राजमा कच्चा मुळीच नको. त्यातला विषारी घटक नीट उकळल्यावरच नष्ट होतो.

एवढं करूनही प्रथिनांची बेरीज साठ-सत्तर ग्रॅमच्या वर जाईना. म्हणून नोव्हेंबरपासून रात्रीचं जेवण शिजवलेलं घेतलं: दादर ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, वाटीभर दही. शंभर टक्के कच्च्याचा हट्ट लांब पल्ल्याच्या सरावात मला पटत नाही. बी-12 ची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून सुरूच ठेवली. फळं, दाणे, मोड यांतून ते मिळत नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मोड, गाजर, पेरू बंद, कारण चोथा दुसऱ्या दिवशी पळताना पोट हलवतो. त्या दिवशी ठिपक्यांची केळी, थोडा खजूर आणि रात्री मऊ वरणभात. सकाळी सुरुवातीच्या अडीच तास आधी दोन केळी, चिमूटभर मीठ आणि पेलाभर पाणी.